तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आज मी तुम्हाला दीडशे वर्षांपूर्वीच्या एका कागदाची गोष्ट सांगणार आहे. पण तिची सुरुवात माझ्याच एका फजितीपासून करते.

शाळेतून निवृत्त झाल्यावर आमच्या भागातल्या काही मंडळींनी मला आमच्या छोट्याशा नागरिक मंडळाची चिटणीस केले. मंडळ कसले, तर महिन्यातून एकदा कुणाच्या तरी दिवाणखान्यात जमायचे, चहा घ्यायचा, आणि रस्ता, पाणी, मतदार याद्या यांबद्दल अर्ज लिहायचे. काम सगळे बिनपगारी. एका वर्षी प्रारूप मतदार यादी प्रसिद्ध झाली, तेव्हा आमच्या भागातली बरीच नावे गळल्याचे आमच्या लक्षात आले. आम्ही अर्ज तयार केला, खाली मंडळाचा शिक्का मारला आणि मी तो घेऊन एका सरकारी कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी अर्ज शांतपणे वाचला. मग मान वर करून त्यांनी विचारले, "बाई, अर्ज ठीक आहे. पण तुम्ही नक्की कोणाच्या वतीने बोलता?"

मी म्हटले, "नागरिकांच्या वतीने."

"कुठल्या नागरिकांच्या? त्यांनी तुम्हाला सांगितलंय का?"

मला राग आला. चाळीस वर्षे शाळेत मी प्रश्न विचारत आले होते आणि आता एका साध्या प्रश्नाचे उत्तर मला देता येत नव्हते. घरी आल्यावर राग ओसरला, तेव्हा जाणवले, की साहेबांचा स्वर भले टोचणारा असेल, प्रश्न मात्र खोटा नव्हता. आणि मग आठवले, की हाच प्रश्न याच पुण्यात एका माणसाने कुणी विचारायच्या आधीच स्वतःला विचारला होता आणि त्याचे उत्तर कागदावर लिहून ठेवले होते. त्या माणसाचे नाव गणेश वासुदेव जोशी. महाराष्ट्र त्यांना 'सार्वजनिक काका' म्हणून ओळखतो.

काकांचा जन्म १८२८ सालचा, साताऱ्याचा. घरची परिस्थिती बेताची. साताऱ्याच्या न्यायालयात त्यांनी नोकरी केली, पुढे वकिलीची परीक्षा दिली आणि पुण्यात येऊन व्यवसाय मांडला. त्या काळचे पुणे डोळ्यांसमोर आणा. पेशवाई जाऊन पन्नास वर्षे झालेली. नगरपालिका होती, पण तिच्यात लोकांनी निवडून दिलेले कोणी नव्हते. सरकार नेमील तो सभासद. मुंबईच्या कायदे मंडळात काही एतद्देशीय बसत, तेही सरकारने निवडलेले. मत देणे ही गोष्टच सर्वसामान्य माणसाच्या आयुष्यात नव्हती. गाऱ्हाणे असेल तर अर्ज करायचा आणि वाट पाहायची.

अशा वेळी पर्वतीच्या देवस्थानाचा प्रश्न निघाला. देवस्थानाचा कारभार पंचांकडे होता आणि त्या कारभाराविषयी गावात कुरबुर होती. कुरबुर करायला काही लागत नाही. पारावर बसून कुणीही करावी. पण गावाच्या वतीने सरकारपुढे उभे राहायचे, तर 'गाव' म्हणजे कोण? दोन-चार वकील, पाच-सहा सरदार आणि एखादा सावकार यांनी सह्या केल्या, की ते गावाचे म्हणणे होते का? मुंबईत आणि पुण्यातही याआधी सभा स्थापन झाल्या होत्या. त्यांतली मंडळी मोठी होती, विद्वान होती. पण त्यांना लोकांनी पाठवले आहे, असे कुणी छातीठोकपणे म्हणू शकत नव्हते.

काका पेशाने वकील. वकिलाला अशिलाचे वकीलपत्र असल्याखेरीज कोर्टात तोंड उघडता येत नाही. हाच साधा व्यवहार त्यांनी सार्वजनिक कामाला लावला. २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. सभासद होण्यासाठीची अट अशी, की निदान पन्नास सज्ञान माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणावा. 'आमच्या वतीने बोलण्याचा अधिकार आम्ही अमुक माणसाला देत आहोत', असा तो कागद. सभेचे पहिले सभासद झाले ९५ आणि त्यांच्यामागे मुखत्यारनाम्यांवर सह्या होत्या सुमारे ६,००० लोकांच्या.

हिशेब करून बघा. पन्नासच्या अटीने ९५ जणांना ४,७५० सह्या पुरल्या असत्या. म्हणजे अनेकांनी अटीपेक्षा जास्त आणल्या. आता त्या सह्या मिळवण्याचा प्रकार डोळ्यांपुढे आणा. दारोदार जायचे, ओट्यावर बसायचे, सभा म्हणजे काय ते सांगायचे, 'यात आमचं नुकसान तर नाही ना?' या शंकेला उत्तर द्यायचे आणि मग सही घ्यायची. मतदार यादी नाही, मतपेटी नाही, निवडणूक आयोग नाही. तरीही माझ्या मते ती एक निवडणूकच होती. सरकारने न दिलेला मतदानाचा हक्क लोकांनी आपल्यापुरता, आपल्या हाताने बजावला होता. इंग्लंडातसुद्धा तेव्हा बहुसंख्य प्रौढांना मत नव्हते, हे ध्यानात ठेवले म्हणजे या युक्तीचे मोल कळते.

सभेचे अध्यक्षपद औंधच्या पंतप्रतिनिधींकडे गेले. काका राहिले चिटणीस. मला स्वतःला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. अध्यक्षाच्या खुर्चीला मान असतो. संस्था चालते ती दप्तर सांभाळणाऱ्याच्या जिवावर. पत्रांचा मसुदा, सभेची सूचना, इतिवृत्त, वर्गणी, आणि 'मागच्या अर्जाचे काय झाले?' याचा पाठपुरावा, या कामांना टाळ्या पडत नाहीत. काकांनी ती दहा वर्षे केली, आणि लोकांनी त्यांच्या नावापुढे सभेचेच नाव जोडून टाकले. एखाद्या कार्यकर्त्याला याहून मोठी पदवी कुठली मिळणार?

१८७१च्या अखेरीस न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे पुण्याला बदलून आले. ते सरकारी नोकर. उघडपणे सभेचे पद घेणे त्यांना शक्य नव्हते. पण बुद्धी रानड्यांची आणि पाय काकांचे, अशी जोडी जमली. त्यानंतर सभेच्या अर्जांचा नूर पालटला. 'मायबाप सरकारने कृपा करावी' ही भाषा मागे पडून आकडे, उतारे आणि कारणे पुढे आली.

एक उदाहरण देते. दख्खनमधल्या शेतकऱ्याची स्थिती खालावत चालली होती. जमीन महसुलाची फेरआकारणी झाली होती आणि सारा वाढला होता. सभेने १८७२मध्ये एक उपसमिती नेमली, जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा केली आणि पुढच्या वर्षी तिचा अहवाल छापला. पुढे दोनच वर्षांनी, १८७५मध्ये, पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. ते दख्खनचे दंगे इतिहासात प्रसिद्ध आहेत. सरकारने त्यानंतर चौकशी आयोग नेमला. सभेने आधीच दुखणे कुठे आहे ते सांगून ठेवले होते. त्याच सुमारास सभेने थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज पाठवला, की हिंदुस्थानातल्या लोकांनाही तुमच्या सभागृहात प्रतिनिधी मिळावेत. मागणी मान्य होणार नव्हती, हे अर्ज लिहिणाऱ्यांना कळत नव्हते असे नाही. पण मागणी नोंदवून ठेवणे हेही काम असते.

खरी कसोटी लागली १८७६ ते १८७८च्या दुष्काळात. सभेने ठिकठिकाणी माणसे पाठवली. कुठे पाऊस किती, धान्याचा भाव काय, दुष्काळी कामावर किती माणसे आहेत, मजुरी किती मिळते, याचे तपशील पुण्याला येत आणि पुण्याहून सरकारकडे जात. १८७७च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांच्या सांगण्यावरून दुष्काळी कामावरच्या मजुराचा शिधा रोजच्या एका पौंड धान्यापर्यंत खाली आणला गेला. एक पौंड म्हणजे अर्धा किलोही नाही; आणि तेवढ्यावर माणसाने दिवसभर खडी फोडायची! हजारो मजुरांनी कामे सोडली. सभेने या शिध्याविरुद्ध जोराने लिहिले. जुलै १८७८पासून सभेचे इंग्रजी त्रैमासिक निघू लागले आणि दुष्काळाच्या हकिकती त्यात छापल्या गेल्या. आज दुष्काळाचा इतिहास लिहिणारा अभ्यासक सरकारी कागदांच्या शेजारी ही त्रैमासिके ठेवतो, कारण खेड्यातून आलेली दुसरी बाजू तिथे सापडते.

त्या सगळ्या धामधुमीत, १ जानेवारी १८७७ रोजी लॉर्ड लिटन यांनी दिल्लीला दरबार भरवला. राजेरजवाडे जरीच्या पोशाखात, हत्ती-घोडे, तोफांची सलामी. तिथे सभेच्या वतीने काका गेले, ते हाताने कातलेल्या सुताचे जाडेभरडे पांढरे कपडे घालून! १८७२पासून त्यांनी स्वदेशी वस्त्राचे व्रत घेतले होते. सभेच्या मानपत्रात राणीचा गौरव होता, पण त्यासोबत मागणेही होते, की हिंदी प्रजेला ब्रिटिश प्रजेच्या बरोबरीचा दर्जा मिळावा. गांधीजी तेव्हा सात वर्षांचे होते.

काकांच्या धैर्याची आणखी एक खूण सांगते. १८७९मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांवर पुण्यात राजद्रोहाचा खटला उभा राहिला. काकांचा मार्ग अर्जांचा, फडक्यांचा शस्त्राचा. शहरात भीतीचे वातावरण. रानड्यांचीदेखील त्या वर्षी धुळ्याला बदली झाली होती. अशा वेळी फडक्यांचे वकीलपत्र काकांनी घेतले. मते जुळत नसलेल्या माणसालाही कोर्टात आपली बाजू मांडता आली पाहिजे, असे मानणारा हा वकील होता. पुढच्याच वर्षी, १८८०च्या जुलैत, काका गेले. वय अवघे बावन्न.

श्रोतेहो, इथपर्यंत गोष्ट अभिमानाची आहे. पण इतिहास अर्धा सांगू नये.

त्या ६,००० सह्या कोणाच्या होत्या? सभेचे नाव 'सार्वजनिक', पण तिच्या सभासदांत मुख्यतः सरदार, इनामदार, सावकार, वकील, पेन्शनर आणि त्यातही ब्राह्मण मंडळी अधिक. त्याच पुण्यात, १८७३मध्ये, जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला होता. त्यांनी सभेच्या नावावरच बोट ठेवले. शूद्र-अतिशूद्र या सभेत कुठे आहेत, आणि नसतील तर ही सार्वजनिक कशी, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. सभा शेतकऱ्याच्या साऱ्याबद्दल कळकळीने लिहीत होती हे खरे. पण शेतकऱ्याबद्दल लिहिणे निराळे आणि शेतकऱ्याने स्वतः बोलणे निराळे. जोतीरावांना हा फरक दिसत होता. आणि स्त्रियांचे काय? काकांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी स्त्रियांची वेगळी सभा काढली, हळदीकुंकवाच्या निमित्ताने बायकांना एकत्र आणले. पण मुखत्यार नेमण्याच्या त्या व्यवहारात बायकांना जागा नव्हती.

म्हणजे युक्ती चांगली होती. तिचा परीघ अपुरा होता. आपण ज्यांच्या दारी जातो त्यांच्याच सह्या आपल्याला मिळतात. ज्या गल्लीत आपले पाऊल पडत नाही, ती गल्ली आपल्या 'सर्व जनां'त नसते.

पुढची कथा थोडक्यात सांगते. काकांनंतरही सभेने काम केले. लॉर्ड रिपन यांनी १८८२मध्ये स्थानिक स्वराज्याचा ठराव केला, तेव्हा निवडून आलेल्या नगरपालिकांच्या बाजूने सभा उभी राहिली. १८८५च्या डिसेंबरात काँग्रेसचे पहिले अधिवेशन पुण्यात व्हायचे होते, यजमान सभाच. पण पटकीची साथ आली आणि अधिवेशन मुंबईला हलवले गेले. तरुण गोपाळ कृष्ण गोखले सभेचे चिटणीस झाले. १८९५मध्ये मात्र सभेच्या व्यवस्थापक मंडळात टिळक पक्षाचे बहुमत झाले. दुसऱ्या वर्षी रानडे-गोखले यांनी 'डेक्कन सभा' ही वेगळी संस्था काढली. टिळकांच्या वर्चस्वाखाली सभेने १८९६-९७च्या दुष्काळात खेडोपाडी माणसे पाठवून सरकारच्याच दुष्काळ संहितेत रयतेचे कोणते हक्क लिहिले आहेत, ते समजावून सांगितले. सरकारला हे रुचले नाही. मार्च १८९७मध्ये सरकारने जाहीर केले, की सरकारशी पत्रव्यवहार करण्याचा हक्क असलेली संस्था म्हणून यापुढे सभेला मान्यता नाही.

टिळक बरोबर की गोखले, हा पुण्यातला जुना वाद मी इथे उकरणार नाही. मला त्या १८९७च्या आदेशात एक वेगळी गोष्ट दिसते. सरकारने दिलेली मान्यता सरकार एका ओळीने काढून घेऊ शकते. लोकांनी दिलेला मुखत्यारनामा सरकारला काढून घेता येत नाही. तो फक्त एकाच प्रकारे संपतो. आपण लोकांकडे पुन्हा जाणे बंद केले, म्हणजे तो संपतो.

आता माझ्या फजितीकडे परत येते. कचेरीतून आल्यावर दोन दिवसांनी आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशींना मी सहज विचारले, "मावशी, तुमचं नाव आहे ना यादीत?" त्या म्हणाल्या, "गेल्या बारीला गेले होते बाई. नाव नाही म्हणाले. परत आले." मी म्हटले, "मग सांगितलं का नाही?" त्यावर त्या हसल्या. "तुमच्या मंडळाचा कागद फिरला ना सह्यांचा, तो आमच्या वस्तीत कुठं आला?"

श्रोतेहो, जोतीरावांचा सवाल एकशे चाळीस वर्षांनी माझ्या स्वयंपाकघरात उभा राहिला होता. आमचे मंडळ 'नागरिकांचे'. पण आमचे नागरिक चार सोसायट्यांच्या फाटकांच्या आत राहत होते. वस्ती आमच्या मागच्या भिंतीला लागून होती.

मग आम्ही काम नव्याने सुरू केले. यादीचे भाग वाटून घेतले. एकेका कार्यकर्त्याकडे पन्नास घरे. आकडा अर्थातच काकांकडून उसना घेतला. सोसायट्या आधी नाहीत, वस्ती आधी. संध्याकाळी सातनंतर जायचे, कारण दिवसा घरी कोणी नसते. यादीतले नाव मोठ्याने वाचून दाखवायचे. नाव नसेल तर नमुना ६, तपशील चुकला असेल किंवा घर बदलले असेल तर नमुना ८. माणूस वारला असेल तर घरच्यांना विचारूनच नमुना ७. मत कोणाला द्यायचे, हा विषय दारात काढायचा नाही. ज्याला तो काढल्याशिवाय राहवत नाही, त्याने आमच्याबरोबर येऊ नये. हा नियम मी कडकपणे पाळायला लावला आणि त्यापायी दोन चांगली माणसे दुरावली, याचे आजही वाईट वाटते. पण पक्षाचा वास आला की दार बंद होते, आणि एकदा बंद झालेले दार यादीसाठीही उघडत नाही.

सर्वांत जास्त चुका सापडल्या त्या बायकांच्या नावांत. लग्नानंतर बदललेले नाव, अर्धवट पत्ता, नवऱ्याचे नाव भलतेच. मला १९५१-५२ची पहिली सार्वत्रिक निवडणूक आठवली. तेव्हा देशात सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली होती, कारण 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' अशीच त्यांची नोंद झाली होती. स्वतःचे नाव सांगितले नव्हते, म्हणून मतही नाही. राज्यघटनेने प्रत्येक सज्ञान माणसाला मत दिले, पण ते हातात पडायला यादीत स्वतःचे नाव लागते.

कुणी म्हणेल, आता निवडणुका होतात, लोकप्रतिनिधी आहेत, मग अशा मंडळांची गरज काय? पुण्यापुरते उत्तर सोपे आहे. मार्च २०२२मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर काही वर्षे या शहराला निवडून दिलेला एकही नगरसेवक नव्हता. कारभार प्रशासक पाहत होते. १८७०च्या पुण्यासारखीच आपली गत झाली होती. गाऱ्हाणे असेल तर अर्ज करायचा आणि वाट पाहायची. मत हे पाच वर्षांतून एकदा करायचे काम असेल. नागरिक असणे हे रोजचे काम आहे.

महिनाभराने मी त्याच कचेरीत पुन्हा गेले. साहेब तेच होते. या वेळी अर्जासोबत घरवार यादी होती, प्रत्येक गळलेल्या नावापुढे सही किंवा अंगठा होता, आणि बरोबर होत्या आमच्या मावशी. त्या दिवशी त्यांनी दोन घरची कामे बुडवली होती. साहेबांनी कागद चाळले. मला वाटले, ते पुन्हा तोच प्रश्न विचारणार. मी उत्तर पाठ करून गेले होते. पण त्यांनी मावशींकडे पाहिले आणि विचारले, "तुमचं नाव काय?"

मावशींनी आपले नाव सांगितले. पूर्ण, स्पष्ट, स्वतःचे. मला काही बोलावेच लागले नाही.